भिंतीपलीकडची शाळा, दीड किलोमीटरवर

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "मुलीची शाळा आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. मधल्या सुट्टीची घंटा घरात ऐकू येते. पण सोडायला जायचं तर गेटातून बाहेर, सर्व्हिस रोडने पुढे, मग पुढच्या वळणाने आत, असा दीड किलोमीटर होतो. माझं लहानपण माटुंग्यात गेलं, तिथे कुठूनही कुठेही चालत जाता यायचं. शहर वाढतं तशा रस्त्यांच्या जोडण्या वाढायला हव्यात ना? मग इथे उलटं कसं? आणि मुंबईसारख्या खचाखच भरलेल्या शहराला 'पसरलेलं' म्हणता येतं का?"

ताई, तुमची भिंत माझ्या ओळखीची आहे. तशा चार-पाच तरी मी स्वतः कागदावर काढल्यात. लेआऊट, म्हणजे जमिनीवर रस्ते-इमारती कुठे येतील त्याचे नकाशे, काढण्यात आणि ते मंजूर करून घेण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे हे उत्तर थोडं कबुलीजबाबासारखं होईल.

पसरणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली बंगल्यांची वस्ती येते. ऐसपैस हिरवळ, दारात दोन गाड्या, दूध आणायलासुद्धा गाडी काढायची. तसं पसरायला मुंबईला जागाच नव्हती. पण पसरण्याचं आणखी एक माप आहे. माणसं किती दाटीने राहतात हे बाजूला ठेवायचं आणि शेजारच्या दोन ठिकाणांमध्ये प्रत्यक्षात किती चालावं लागतं तेवढं बघायचं. या मापाने तीस मजली टॉवरांची वस्तीसुद्धा पसरलेली असू शकते. तुमची आहे. एकरी माणसं मोजली तर माटुंग्यापेक्षा दाट निघेल, आणि तरी शाळा दीड किलोमीटरवर.

हे मोजणं सोपं आहे. नकाशा घ्या आणि रस्ते जिथे भेटतात ते ठिपके बघा. चार रस्ते भेटले तर चौक, तीन भेटले तर तिठा, आणि रस्ता तिथेच संपला तर बंद गल्ली. चौकाला चार गुण, तिठ्याला तीन, बंद गल्लीला एक. सरासरी काढली की वस्तीचा स्वभाव कळतो. आता सगळे रस्ते काटकोनात आहेत आणि दर शंभर मीटरवर चौक आहे असं धरा. एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण शंभर चौक बसतात. तेच चौक अडीचशे मीटरवर नेले की उरतात सोळा. रस्त्यांची रुंदी दुप्पट केली तरी गेलेले चौऱ्याऐंशी चौक परत येत नाहीत.

तिसरं माप मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला नकाशाही लागत नाही. पक्षी जितकं उडेल त्याच्या किती पट माणसाला चालावं लागतं? बारीक चौकटींच्या वस्तीत हे उत्तर सरासरी सव्वापट येतं, आणि भूमितीने ते दीडपटीच्या वर जाऊच शकत नाही. तुमची शाळा भिंतीपासून पन्नास मीटरवर आणि तुमची इमारत भिंतीपासून शंभर मीटरवर असेल तर तुमचं उत्तर दहापट आहे.

माटुंगा तसं का झालं, तर प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीपासून पसरला, आणि हवा-उजेड नसलेल्या दाट वस्त्यांवर सरकारचं बोट गेलं. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या शहरात काय पाडलं, कोणाला बेघर केलं, त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो फारसा चांगला नाही. पण उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर, दादर-माटुंगा आणि शीव-माटुंग्याच्या योजनांत, त्याने एक गोष्ट नीट केली: आधी रस्ते आखले आणि मग प्लॉट विकले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्यानं हे सगळं त्यातलं. पाच उद्यानांपाशी उभ्या राहा आणि किती रस्ते तिथे येऊन मिळतात ते मोजा. इमारती बदलल्या, अजून बदलतायत. रस्ते तेच आहेत.

उपनगरांची गोष्ट मला जास्त जवळची आहे, कारण मी पार्ल्यात वाढले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला आणि त्यातून 'टीपी स्कीम', म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम, आली. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथले जुने लोक अजूनही टीपीएस म्हणतात. तिची युक्ती समजून घ्या, कारण तुमच्या भिंतीचं मूळ त्या युक्तीच्या अभावात आहे.

शेतजमिनीचा तुकडा कधी चौकोनी नसतो. कुठे ओढ्याच्या कडेने वळलेला, कुठे चार भावांत वाटणी होऊन लांबट पट्टीसारखा झालेला, कुठे कोपरा आत गेलेला. मधून जायला बांध, तोही माणूस आणि बैल जाईल एवढाच. टीपी स्कीममध्ये शंभर-दीडशे मालकांच्या अशा सगळ्या जमिनी कागदावर एकत्र आणायच्या, आधीचे बांध पुसायचे, वरून रस्ते आखायचे, शाळा-मैदानाची जागा काढायची, आणि उरलेली जमीन सरळ आकाराच्या प्लॉटांत करून ज्याची त्याला परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते, पण प्रत्येकाला रस्त्याला लागून मिळते, म्हणून भाव वाढतो. वाढलेल्या भावातला काही हिस्सा योजनेला द्यायचा. जमीन संपादनाची भानगड नाही आणि कुणी अख्खा उठत नाही. खारमध्ये चौदावा रस्ता, सोळावा रस्ता असे नंबरी रस्ते दिसतात ना, ते आकड्यांनी आखलेले रस्ते आहेत. बांधांवरून आपोआप झालेल्या रस्त्यांना असे नंबर लागत नाहीत. पार्ल्यात तेजपाल स्कीमच्या गल्ल्यांतून शाळेत जायचे माझे तीन वेगवेगळे रस्ते होते. एकात कुत्रं होतं, एकात चिंचेचं झाड होतं आणि तिसरा घाईचा.

ही गोष्ट वेळखाऊ आहे. एकेक स्कीम अंतिम व्हायला वर्षानुवर्षं लागायची, मालक लवादाकडे जायचे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात टीपी स्कीमची तरतूद राहिली, पण भर गेला विकास आराखड्यावर, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या 'डीपी'वर. गुजरातने मात्र ती सोडली नाही. अहमदाबादचा मोठा भाग टीपी स्कीमने वाढला. आपल्याकडे ती पुन्हा बाहेर निघाली ती अगदी अलीकडे, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात. मधली पन्नास वर्षं गेली. आणि मुंबई महानगर सगळ्यात जास्त वाढलं ते नेमकं याच पन्नास वर्षांत.

डीपी काय करतो? मोठे रस्ते आखतो. अठरा मीटर, तीस मीटर. आतल्या बारीक रस्त्यांचं काम तो ज्याच्या त्याच्या लेआऊटवर सोडतो. आणि लेआऊट निघतो तो सर्व्हे नंबरावर. बिल्डरने जेवढे सातबारे जमवले तेवढीच त्याची दुनिया. शेताचा बांध तोच पुढे कंपाऊंड वॉल होतो. खारमध्ये बांध पुसले गेले; वसई-विरार, मीरा रोड, डोंबिवलीच्या बाहेरचा पट्टा आणि तुमचा घोडबंदर रोड इथे त्यांच्यावर सिमेंट चढलं.

त्यात नियमांनीही हातभार लावला. आपल्या नियमावलीत इमारत किती उंच जाईल, जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. अग्निशमनाच्या दृष्टीने त्याला कारण आहे, नाही असं नाही. पण बिल्डरच्या जागी बसून बघा. एक रुंद रस्ता समोर असला की बांधकाम वाढतं, आणि आतून आरपार काढलेल्या तीन अरुंद गल्ल्यांनी नुसती जमीन जाते. मग तो गल्ल्या कशाला काढेल? नियम रुंदी मोजतो, मोकळ्या जागेची टक्केवारी मोजतो, पार्किंग मोजतो. हा रस्ता पुढे कुठे जाऊन मिळतो, हे तपासायचा रकाना मी तरी कुठल्या तक्त्यात पाहिला नाही.

आता माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसईकडच्या एका प्लॉटचा लेआऊट माझ्याकडे होता. मी शहाणपणाने त्यातला नऊ मीटरचा रस्ता उत्तरेच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडला. शेजारची जमीन विकसित होईल तेव्हा तो पुढे जाईल, हा हिशोब. दोनेक वर्षांनी शेजारचाही लेआऊट झाला. तिथल्या आर्किटेक्टनेही शहाणपणाने त्यांचा रस्ता दक्षिणेच्या हद्दीपर्यंत आणला होता. फक्त तो माझ्या रस्त्यापासून चौदा मीटर पश्चिमेला आला. दोन्ही नकाशे मंजूर, दोन्ही नियमात, आणि दोन्ही रस्ते एकाच भिंतीला दोन बाजूंनी धडकलेले. हद्दीपलीकडे काय शिजतंय ते जाऊन विचारायचे कष्ट मी घेतले नव्हते. काही वर्षांपूर्वी तिकडे गेले तर माझ्या रस्त्याच्या टोकाला भिंतीच्या चार-सहा विटा काढलेल्या होत्या आणि अलीकडे-पलीकडे एकेक प्लास्टिकचं स्टूल. घरकाम करणाऱ्या बायका साडी आवरत त्यावरून ये-जा करत होत्या. एकीने मला सांगितलं, सोसायटी महिन्या-दोन महिन्यांनी विटा लावते, मग त्या पुन्हा निघतात.

तुमच्या घोडबंदर रोडला वर भूगोलाची भर आहे. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसरीकडे खाडी, मधे एकच जुना मार्ग. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, जिथे बघाल तिथे हायवेवरून एक फाटा आत जातो आणि डोंगराकडे नाहीतर खाडीकडे जाऊन संपतो. कंगव्यासारखं. काही ठिकाणी आतून दाते जोडलेले आहेत, पण पुष्कळ ठिकाणी शेजारच्या दात्यावर जायला कंगव्याच्या कण्यावर यावंच लागतं. म्हणजे मुलाला क्लासला सोडणारी स्कूटर आणि न्हावा-शेव्याहून गुजरातला निघालेला कंटेनर एकाच रस्त्यावर. मग तिथे उड्डाणपूल हवा, मग मेट्रो हवी. ती हवीच आहे, पण त्यातली बरीच गर्दी शेजारच्या घरी जायला निघालेली आहे.

मुंबईच्या बाबतीत कण्याची ही सवय जुनी आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, १८६७ मध्ये पश्चिमेची गाडी विरारपर्यंत गेली, आणि शहर माळेतल्या मण्यांसारखं स्टेशनाभोवती वाढत गेलं. लांबीच्या दिशेने आपण उत्तम जोडलेले आहोत. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर, एका तिकिटात. आडव्या दिशेने मात्र बोंब. रुळांनी प्रत्येक उपनगराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले. वांद्रे ते अंधेरी या पट्ट्यात गाडी रुळांपलीकडे न्यायच्या जागा मोजायला दोन्ही हातांची बोटंही लागत नाहीत. त्यातले सबवे पावसात भरतात. जुलैमध्ये अंधेरी सबवे आणि मिलन सबवेत पाणी शिरलं की उपनगरांचा नकाशाच तेवढ्या तासांपुरता बदलतो. हे जगातल्या कुठल्या निर्देशांकात धरत नाहीत, पण मुंबईकराला ते वेगळं सांगावं लागत नाही.

जोडण्या थोड्या असल्या की एक निखळल्यावर काय होतं, ते अंधेरीने बघितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि सगळा भार पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर आणि सबवेंवर आला. माझी मावशी पश्चिमेला, तिचा दवाखाना पूर्वेला. दहा मिनिटांचा रस्ता पाऊण तासावर गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तो जुळेना. दोघांच्या उंचीत दीड मीटरच्या आसपास फरक. तो उड्डाणपूल उचलून दोन्ही जोडायला जुलै उजाडला. माझी वसईची चूक आडवी होती, ही उभी. बाकी फरक नाही.

पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत हाच हिशोब जिवावर येतो. लोअर परळ-एल्फिन्स्टनचा भाग घ्या. गिरणीला उंच भिंत आणि एक मोठं गेट असायचं. कामगार बाहेर चाळीत, भोंगा झाला की सगळे एका दाराने आत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या आणि मुंबईच्या ऐन मध्यात शेकडो एकर जमीन मोकळी व्हायची शक्यता तयार झाली. सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून मधून रस्ते आणि मैदानं काढता आली असती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने तेच सुचवलं होतं. पण २००१ मध्ये नियम बदलला, सार्वजनिक कामांसाठी सोडायचा जमिनीचा हिस्सा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीवर मोजायचा ठरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. एकेक गिरणी वेगवेगळी विकसित झाली. भोंगा गेला, भिंत आणि गेट राहिलं. गिरणी कामगारांच्या जागी आता किती माणसं कामाला येतील याचा विचार राहून गेला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनं जोडणाऱ्या त्या अरुंद पुलावर माणसं थबकली, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. लष्कराने काही महिन्यांत नवा पादचारी पूल उभा केला. एवढ्या मोठ्या कचेरी-वस्तीला रुळांपलीकडे जायला चालण्याच्या वाटाच किती थोड्या होत्या, ही गोष्ट मात्र त्या दिवसाच्या आधीही नकाशावर दिसत होती.

इथे तुमच्या "उलटं कसं" ला थेट उत्तर देता येतं. शहर दोन ठिकाणी वाढतं: कडेला, नवीन जमिनीवर, आणि मधे, जुनं पाडून. कडेला बांधाच्या भिंती होतात. मधेही, आता, जोडण्या कमी होतायत. झोपडपट्टीत माणूस जेमतेम जाईल एवढ्या पन्नास बोळकांड्या असतात. पुनर्विकासात त्यांच्या जागी येते एक इमारत, एक पोडियम आणि एक गेट. हवा, उजेड, घरात संडास-नळ, हे सगळं मिळतं आणि ते मिळायलाच हवं. बोळाची कविता करणाऱ्यांना मी बोळात राहायला पाठवीन. पण वस्तीतून आरपार जाणारी पाण्याच्या नाक्याची वाट, शाळेची वाट, बाजाराची वाट त्या गेटाआड बंद होते. पलीकडच्या वस्तीलाही वळसा पडतो, तिला तर काहीच मिळालेलं नसतं.

जाता जाता मापाचीही खोट सांगते. उपग्रहाच्या किंवा गाडीच्या नकाशावरून मोजलं तर धारावी किंवा गिरगावातली खोताची वाडी तुटक दिसेल, कारण त्या वाटा नकाशावर नसतात. पायांना विचारलं तर उत्तर वेगळं येतं. म्हणून कुणी आकडा तोंडावर फेकला की आधी विचारावं, कोणाच्या चालीने मोजलाय?

हे दुखणं एकट्या मुंबईचं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी अमेरिकेतले शंभर वर्षांचे रस्ते तपासले. विसाव्या शतकात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आणि १९९४ च्या सुमारास त्याचा कळस झाला. त्यानंतरचे नवे रस्ते थोडे सुधारले. २०२० मध्ये त्यांनी हेच मोजमाप जगभर केलं, तर १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत चाललेले दिसले. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं: अमेरिकेत सुधारले ते नवे रस्ते. जुने तुटक रस्ते तुटकच आहेत. इमारतीचं आयुष्य साठ वर्षं, रस्त्याचं तीनशे. भूजमध्ये जुन्या गावातल्या बंद गल्ल्या मोकळ्या करून रस्ते नव्याने आखता आले, ते २००१ च्या भूकंपानंतर. एवढी किंमत कोणी मागू नये.

कडेच्या वाढीचा वेगही समजून घ्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत वाढलेल्या जवळपास तीस लाखांतल्या पुष्कळ माणसांसाठी आतले रस्ते सर्व्हे नंबराच्या बांधांनी ठरवले. आता जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, शिवडीहून पलीकडे जवळपास बावीस किलोमीटर. उलवे-चिर्ल्याकडे तीच घाई सुरू होईल. एवढा मोठा पूल लांबच्या दोन जागा जोडतो, पण पुलाच्या पायथ्याशी शेजारची दोन घरं जोडलेली असतील की नाही, ते आज कोण सातबारे जमवतोय त्यावर ठरतंय. नैनाच्या टीपी स्कीम वेळेत झाल्या तर खार होईल, नाही झाल्या तर घोडबंदर.

आता तुमची भिंत. तुम्हाला तिथे रस्ता नको आहे. रस्ता मागितलात तर हरलात. आरपार गाड्या सुरू होतील म्हणून तुमचेच शेजारी विरोध करतील, आणि त्यांचं चूक नाही. मुलं खाली क्रिकेट खेळतात ती गाड्या येत नाहीत म्हणूनच. जर्मनी, डेन्मार्क, इंग्लंडमध्ये यावर साधा तोडगा आहे: गाडीला गल्ली बंद, पायी आणि सायकलला आरपार. आपल्याकडे त्याला जुना शब्दही आहे. वाड्याचा मोठा दरवाजा रोज उघडत नसत, त्याच्या फळीत माणूस वाकून जाईल असा छोटा दिंडी दरवाजा असायचा. तुम्हाला भिंतीत तो हवाय. एक मीटर रुंद, मोटरसायकल शिरू नये म्हणून मधे एक खांब.

आधी तीन कागद मिळवा. सोसायटीचा मंजूर लेआऊट (महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प असेल तर तिथेच मिळेल, नाहीतर माहितीच्या अधिकारात पालिकेकडून), तुमच्या सर्व्हे नंबरचा डीपी भाग-नकाशा आणि शाळेच्या प्लॉटचा लेआऊट. तिन्ही एका मापाला आणून शेजारी ठेवा. माझ्या अनुभवात दहापैकी दोन-तीन वेळा भिंतीच्या जागी किंवा तिच्या आसपास मंजूर नकाशात रस्ता नाहीतर पायवाट दाखवलेली सापडते, जी कधी झालीच नाही. तसं निघालं तर तुमचं काम विनंतीवरून मागणीवर जातं. नाही निघालं तर सोसायटी आणि शाळा या दोघांच्या संमतीने दार काढता येतं. मात्र भिंत कोणाच्या हद्दीत आहे ते मोजणीच्या नकाशावरून आधी ठरवा, नाहीतर भांडण सुतार आल्यावर सुरू होतं. तिथे नाला किंवा शाळेच्या मैदानाचं आरक्षण असेल तर पालिकेलाही विचारावं लागेल.

सर्वसाधारण सभेत पहिला आक्षेप सुरक्षेचा येणार. दार चोवीस तास उघडं ठेवायचं नाही हे आधीच सांगा: शाळा भरताना अर्धा तास, सुटताना अर्धा तास, किल्ली वॉचमनकडे, शाळेचा शिपाई पलीकडे उभा. शाळेने हा माणूस द्यायचं लेखी घ्या. तोंडी दिलेला शिपाई दुसऱ्या महिन्यात दिसत नाही. दुसरा आक्षेप बाहेरचे पालक आमच्या आवारात गाड्या लावतील हा, आणि तो खरा आहे. त्यावर दार फक्त सोसायटीच्या मुलांसाठी असं सुरुवातीला मान्य करा. मला ते पटत नाही, पण उघडलेलं दार रुंद करणं भिंत फोडण्यापेक्षा सोपं असतं.

आणि सभेच्या आधी एक आठवडा सकाळी पावणेसातला गेटापाशी उभ्या राहून मोजा: किती मुलं, किती रिक्षा, किती आया दप्तर खांद्यावर घेऊन सर्व्हिस रोडने चालतात. वहीत तारखेसकट लिहा. एक दिवस पावसाचा असू द्या.